परराज्यातल्या मजुरांसाठी वस्तीत मदतीचं टेबल कसं मांडावं

एक टेबल, दोन खुर्च्या, दोनशे पानी वही आणि ठरलेला वार. बाहेरच्या राज्यांतून आपल्या गावात कामाला आलेल्या माणसांसाठी काही करायचं मनात असेल, तर सुरुवातीला एवढंच लागतं. संस्था नोंदवायची घाई करू नका, देणगीची पावतीपुस्तकं तर छापूच नका. डाक खात्यातून निवृत्त झाल्यावर मी जालन्यात चंदनझिऱ्याकडच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये असं टेबल मांडायला लागले. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, मध्य प्रदेश, ओडिशातून आलेली माणसं इथं सळयांच्या कारखान्यांत राबतात. मराठवाड्यात कुठंही एमआयडीसी, वीटभट्टी किंवा मोठं बांधकाम असेल, तिथं हे जमेल.

आठ मे २०२०ची पहाट आपल्याकडं कुणी विसरू नये. लॉकडाऊनमध्ये जालन्याच्या एका स्टील कारखान्यातले मध्य प्रदेशातले मजूर घरी जायला रुळांवरून पायी निघाले होते. दमले आणि करमाडजवळ रुळांवरच झोपले. मालगाडीखाली १६ जण गेले. आमच्या शहरात राबणारी ही माणसं आमच्या ओळखीची नव्हती, हे मला फार लागलं. आणि परमुलखात राबणं आपल्याला काय नवीन आहे? घनसावंगी, अंबड, मंठ्यापासून बीडपर्यंतच्या टोळ्या दर दिवाळीच्या पुढंमागं मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडावर जातात. तिथं आपल्या लेकराबाळांशी कुणी नीट वागावं असं आपल्याला वाटतं, तसंच इथं आपण वागायचं.

वार आणि जागा

आधी वस्तीत जाऊन चहाच्या टपरीवर बसा आणि विचारा: सुट्टी कोणत्या वारी असते, पाळी किती वाजता सुटते, पगार कधी होतो. रविवार सगळ्यांचाच सुट्टीचा असतो असं धरून चालू नका, कारखान्यागणिक वार बदलतो. पगार बहुधा सात ते दहा तारखेच्या दरम्यान होतो. त्यानंतरच्या आठवड्यात माणसं हमखास येतात, कारण घरी पैसे पाठवायचे असतात आणि हिशोबाचे प्रश्न तेव्हाच निघतात. नळाला पाणी येण्याचा दिवस मात्र टाळा. जालन्यात पाणी किती दिवसांनी येतं ते मी सांगायला नको. ज्या दिवशी येतं त्या दिवशी एकही बाई टेबलापाशी येत नाही, आणि ते बरोबरच आहे.

जागा म्हणून मी किराणा दुकानापुढचा ओटा निवडला. मंदिराचा सभामंडप फुकट मिळत होता, पण तिथं सगळ्या धर्मांची माणसं सारख्याच मोकळेपणानं येत नाहीत. पुढाऱ्याच्या कार्यालयातही बसू नका, निवडणूक आली की तुमच्या टेबलाला रंग चढतो. किराणा दुकानात प्रत्येकाची उधारी असते, म्हणून प्रत्येकाला तिथं यावंच लागतं. शिवाय दुकानदाराला कोण नवीन आलं, कुणाचं लेकरू आजारी आहे हे सगळं ठाऊक असतं.

एकदा वार ठरला की पाऊस असो, लग्न असो, कुणीतरी बसलंच पाहिजे. सुरुवातीचे आठवडे कुणी फिरकत नाही. लोक लांबून बघत असतात, ही बाई पुढच्या आठवड्यात येते का, एवढंच. आपल्या भागात भाषेची अडचण नाही, निजामाच्या राज्यापासून हिंदी-दखनी आपल्या तोंडात आहे. ती वापरा आणि आधी ऐकून घ्या.

वहीत काय लिहायचं

नाव, गाव, काय काम होतं, पुढं काय करायचं ठरलं. बस्स. आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, ओटीपी यातलं काहीही वहीत उतरवायचं नाही. मूळ कागद एका रात्रीपुरताही आपल्याकडं ठेवायचा नाही. ज्याचा कागद, तो त्याच्या हातात असताना आपण वाचायचा. झेरॉक्स लागली तर त्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते लिहायला लावा. डाक खात्यात आयुष्य गेल्यामुळं असेल, पण दुसऱ्याचा कागद म्हणजे दुसऱ्याचा पैसा असंच मी मानते.

आधारवरचा पत्ता बदलून इथला करा, असा आग्रह धरू नका. मतदान, रेशन, जमिनीचे कागद सगळं गावाकडं असतं आणि पुष्कळांना परत जायचं असतं. आधारला मोबाईल क्रमांक जोडलेला आहे का, ते मात्र पहिल्याच भेटीत बघा. नंबर बंद पडलेला असेल तर पुढची सगळी कामं अडतात. तो आधार केंद्रावर स्वतः जाऊन बदलता येतो, काही टपाल कार्यालयांतही सोय आहे. फी तिथल्या फलकावर असते. तेवढीच द्यायची आणि पावती घ्यायची.

रेशन

एकच काम जमणार असेल तर हे करा. घरात दर महिन्याला धान्य आलं की बाकीच्या गोष्टींना जोर येतो.

'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत बिहारचं किंवा झारखंडचं कार्ड जालन्यातल्या कोणत्याही रास्त भाव दुकानात चालतं. जून २०२२ पर्यंत देशातली सगळी राज्यं यात आली. कार्ड २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याखालचं असलं पाहिजे. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, सध्या मोफत. कार्ड सोबत नसलं तरी त्याचा क्रमांक किंवा आधार क्रमांक पुरतो, दुकानातल्या यंत्रावर अंगठा लावायचा असतो.

पुष्कळांना भीती असते की इथं उचललं तर गावाकडं म्हाताऱ्या आई-बापाचं बंद होईल. तसं होत नाही. आपल्या वाट्याचं इथं घ्यावं, उरलेलं त्याच महिन्यात घरचे तिकडं घेऊ शकतात. हे वस्तीतल्या बायकांना बसवून नीट समजावून सांगा, कारण धान्याचा हिशोब त्यांच्याकडं असतो. नवी सून बऱ्याचदा सासऱ्याच्या कार्डावर चढलेलीच नसते. ते काम गावाकडंच करावं लागतं, म्हणून सुट्टीला जाण्याआधी तिला लागणाऱ्या कागदांची यादी लिहून द्या.

क्रम असा ठेवा. आधी 'मेरा राशन' ॲपवर कार्डाची स्थिती आणि प्रत्येकाचं आधार जोडलेलं आहे का ते बघा. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिली असेल तर ती इथल्या दुकानातही होते, त्यासाठी गावी जायची गरज नसते. मग पहिल्या वेळी तुम्ही स्वतः सोबत दुकानात जा. भांडायला जाऊ नका. दुकानदाराला नमस्कार करा, माल कधी येतो ते विचारा आणि त्या दिवशी या माणसाला उभं करा. भट्टीवर काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र अंगठा घेत नाही. हात कोमट पाण्यानं धुवून दुसरं बोट लावून बघावं, नाहीतर कार्डावरच्या बायकोनं किंवा मोठ्या मुलानं अंगठा लावावा. त्यांचाही चालतो. तरीही 'बाहेरच्या कार्डाला माल नाही' असंच उत्तर मिळालं तर तारीख वहीत लिहा आणि १४४४५ या क्रमांकावर मजुरालाच फोन लावू द्या. हिंदीत बोलता येतं.

शेजारच्या एका ताईंनी मला ऐकवलं होतं, "काकू, आपल्याच लोकाला रेशन भेटंना, अन् तुम्ही ह्यांचं बघायलेत!" त्यांना मी यंत्रावर दाखवलं: ज्याचं त्याचं धान्य ज्याच्या त्याच्या कार्डावरचं असतं, आपल्या कार्डातून दाणाही कमी होत नाही. मग त्यांचीही ई-केवायसी राहिली होती ती करून टाकली. टेबलावर स्थानिक गरिबाला कधीही परत पाठवू नका. वस्तीत सलोखा त्यातून राहतो.

लेकरं

सहा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांची नावं अंगणवाडीत घालता येतात, त्या कोणत्या राज्याच्या आहेत याचा संबंध नाही. अंगणवाडी ताईंना आणि आशाताईंना टेबलावर बोलवा. त्यांनाही घरोघर फिरून शोधण्यापेक्षा हे सोपं जातं. लसीच्या कार्डाचा फोटो आईच्याच मोबाईलमध्ये काढून ठेवा. गाव बदलताना सगळ्यात आधी तेच कार्ड हरवतं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस झालेले असतात, पण नवव्या महिन्याचा गोवर-रुबेलाचा प्रवासात राहून जातो. तो मुद्दाम विचारा.

शाळेचं सांगते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, टीसी यायला उशीर झाला म्हणून अडवताही येत नाही, आणि मुलाला वयानुसार वर्गात बसवायचं असतं. पण कायद्याचं कलम घेऊन मुख्याध्यापकांपुढं उभं राहू नका. जून उजाडण्याआधी जाऊन भेटा आणि सांगा, या मुलांची मराठीची तयारी आम्ही संध्याकाळी करून घेतो. मग शाळेलाही धीर येतो. आमच्याकडं जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले एक सर हे बघतात. लिपी एकच असल्यामुळं हिंदी वाचणारं पोरगं मराठी पाटी लवकर वाचतं, अडतं ते 'ळ'पाशी आणि क्रियापदांपाशी. ओडिशाच्या मुलांना मात्र अक्षरापासून सुरुवात करावी लागते, त्यांना वेगळं बसवा. पुस्तकाच्या आधी बिस्किटाचा पुडा, एसटीची पाटी, दुकानाचा बोर्ड, नोटा. सरांचा एक नियम मला फार आवडतो: इथल्या घरातली दोन-तीन मुलंही वर्गात असलीच पाहिजेत. एकमेकांशी खेळताना ती जे बोलतात, ते आपण शिकवून येत नाही.

हजेरी आणि अपघात

प्रत्येक मजुराला खिशात मावेल अशी डायरी द्या. तारीख, पाळी, जादा तास, घेतलेली उचल. ज्याला लिहिता येत नाही त्यानं रेघा ओढाव्यात. पैशावरून वाद झाला की हीच डायरी कामाला येते.

पगार थकला म्हणून कुणी रडत आलं तर ठेकेदाराला तावातावानं फोन करू नका. खोली ठेकेदाराची असते, त्याच रात्री सामान बाहेर येतं. आधी विचारा, राहायची दुसरी सोय आहे का, सोबत आणखी किती जणांचा पगार अडकलाय. चौघांनी मिळून कामगार कार्यालयात अर्ज दिला तर तो टिकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

कारखान्यात १० किंवा जास्त माणसं असतील आणि पगार महिन्याला २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होते. पगाराच्या पावतीवर कपात दिसते का ते बघा आणि विमा क्रमांक डायरीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. भाजल्यावर, हात गेल्यावर क्रमांक शोधत बसायला वेळ नसतो. ज्यांना ईएसआयसी नाही त्यांची ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंद करा, वय १६ ते ५९, फी नाही. बँक किंवा टपाल खात्यातून वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमाही घ्यायला लावा. अपघाती मृत्यूला त्यात २ लाख मिळतात. गावाकडच्या बायकोचं नाव वारस म्हणून लागलंय का, ते स्वतः डोळ्यांनी वाचा.

जे करू नये

जुन्या कपड्यांचे ढीग घेऊ नका. वाटताना धक्काबुक्की होते, आणि आपण मागायला आलोय असं या कष्टाळू माणसांना वाटायला लागतं. मदत घेणाऱ्याचा फोटो काढू नका, स्टेटसला तर लावूच नका.

कधी एखादा माणूस खरोखर दुसऱ्या देशातून आलेला असतो. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात येमेन, अफगाणिस्तानचे विद्यार्थी शिकायला आले, त्यांच्यापैकी काहींच्या देशात मागं युद्ध पेटलेलं. खोली देणाऱ्या घरमालकाला परदेशी भाडेकरूची माहिती २४ तासांत ठरलेला फॉर्म भरून सरकारला द्यावी लागते, ते त्याला शिकवा. भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही आणि १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सही नाही. त्यामुळं अशा माणसाला आपल्या मनानं सल्ला देऊ नका. विधी सेवा प्राधिकरणात घेऊन जा, दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्यालय आहे ते सांगा. भारतीय असल्याचा कोणताही कागद करून देण्यात हात घालायचा नाही, त्यात त्याचाच जीव अडकतो. आजाऱ्याला दवाखान्यात नेणं, भुकेल्याला जेवू घालणं यासाठी मात्र कुणाचा देश विचारू नका.

पुढं चालू ठेवायचं तर

वर्षभरात वस्तीतलंच कुणीतरी टेबलाच्या आतल्या बाजूला बसलं पाहिजे. आमच्याकडं दहावी झालेली बिहारची एक सून आहे. तिला मी आधी फक्त वही लिहायला दिली, मग रेशन दुकानात सोबत नेलं, आता नव्या कुटुंबांना तीच घेऊन जाते. बायका तिच्याशी जे बोलतात ते माझ्याशी बोलत नाहीत. तिचा जाण्यायेण्याचा आणि फोनचा खर्च न मागता द्या. त्यासाठी चार घरांनी महिन्याला थोडे थोडे पैसे काढावेत आणि हिशोब दुकानाच्या भिंतीला चिकटवावा.

वहीच्या शेवटच्या पानावर वर्षाच्या तारखा लिहून ठेवा: शाळेचे प्रवेश, विम्याचा हप्ता मे अखेरीस कापला जातो त्याआधी खात्यात पैसे, आणि छठ. बिहारकडच्या माणसांचा हा मोठा सण दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येतो आणि त्यासाठी ती गावी जातात. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणून जायच्या तारखेपासून मागं मोजून त्या सकाळी आठच्या आधी मोबाईल चार्ज करून टेबल मांडायचं. त्या दिवशी उशीर झाला की दलाल तिकिटामागं मनाला येईल तेवढं घेतो.