माळ्यावर ठासणीची बंदूक सापडली तर

नागपूरच्या महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्याची आवराआवर करताना ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची जुनी बंदूक) सापडली, तर ती भरलेलीच आहे असं धरून चाला. सोरा, गंधक आणि कोळशाची काळी दारू कोरडी राहिली की शंभर वर्षांनीही पेट घेते. घोडा ओढून बघू नका, नळीत डोकावू नका, आतलं खरवडू तर मुळीच नका. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाला लाकडी काठी नळीत तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण करतो आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून बघतो. टोक कानाच्या भोकाच्या (ठिणगी आत जाते ते नळीच्या मागचं भोक) दोन-चार बोटं अलीकडेच राहिलं, तर आत बार, म्हणजे दारू-गोळी, ठासलेला आहे.

'शोभेची आहे' म्हणून कायदा आपोआप सुटत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधली सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या हत्याराला आहे. चालू शकणारी असेल तर परवाना लागतोच. नागपूर शहरात तो पोलीस आयुक्तालयाचा विषय. सापडल्याची खबर आधी ठाण्यात द्या. काळ्या दारूवर स्फोटकांचे नियम वेगळे लागतात, ते बघणाऱ्या 'पेसो' या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे.

परवाना असलेल्यांनी फटाक्यातली दारू किंवा काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही भरू नये. दाब इतका वाढतो की नळी हातातच फुटते. बार उडवल्यावर नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुवा, पूर्ण कोरडी करा आणि तेलाचा हात फिरवा. काळ्या दारूची काजळी ओल धरते आणि लोखंड खाते.