छातीत दुखू लागल्यावर या चुका टाळा

फळछाटणीच्या दिवसांत तासगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेत चुलत्यांच्या छातीत भरून आले. त्यांनी कात्री खाली ठेवली, बांधावर बसून सोडा घातलेले पाणी घेतले आणि पित्त असेल म्हणून दोन तास वाट पाहिली; तो हृदयविकाराचा झटका होता. गुठळीमुळे हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली, तर साधारण 20 ते 30 मिनिटांत स्नायू मरू लागतो. ही हानी आतल्या थराकडून बाहेरच्या थराकडे काही तासांत पसरते आणि मेलेल्या स्नायूच्या जागी केवळ व्रण उरतो. चुलते वाचले, पण आता बागेतली एक ओळ संपेपर्यंत त्यांना दोनदा थांबावे लागते. मधुमेह असणाऱ्यांना तर कधीकधी दुखतही नाही; नुसता दरदरून घाम येतो किंवा धाप लागते, तेही तितक्याच गांभीर्याने घ्यावे.

दुसरी चूक म्हणजे रुग्णाला मोटारसायकलवर मागे बसवून नेणे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि तोवर त्याला चालू देऊ नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल, तर डॉक्टरांना फोनवर विचारून 300 मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्यावी. शेजाऱ्याकडची जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी मात्र परस्पर देऊ नये, कारण ती रक्तदाब उतरवते आणि तो आधीच उतरलेला असेल तर घातक ठरू शकते.

सर्वांत महागात पडणारी चूक मला वेगळीच वाटते. जत किंवा आटपाडीहून निघालेली माणसे जवळच्या दवाखान्यात ईसीजी न काढता थेट मिरजेच्या मोठ्या रुग्णालयाची वाट धरतात आणि त्यात दीड-दोन तास सहज जातात. निदान झाल्यापासून 120 मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी (बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडणे) होण्यासारखी नसेल आणि दुखणे सुरू होऊन 12 तास उलटलेले नसतील, तर योग्य रुग्णाला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच देऊन मगच पुढे हलवणे हिताचे असते. म्हणून ईसीजीची सोय कुठे आहे, हे घरात आधीच ठाऊक हवे. पहिला ईसीजी नीट आला तरी दुखणे थांबले नसेल, तर घरी परतू नये. तो पुन्हा काढावा लागतो आणि रक्तातील ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारे प्रथिन, हेही काही तासांनी वाढते.

स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवल्यावर बरे वाटते म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सोडणारेही पुष्कळ आहेत. तसे केल्यास स्टेंटमध्येच नवी गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नये.