बाक कुठे ठेवायचा, हे त्यांना विचारा

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ साली आला. मुलांचा जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावेत, साक्षीसाठी मुलांना पुन्हा पुन्हा कोर्टात बोलावू नये, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. पण अत्याचार झालेली मुलगी आपल्या केंद्रात आल्यावर तिला कुठे बसवलं, किती वेळ ताटकळत ठेवलं, हे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ते तिलाच विचारावं लागतं. सखी केंद्रात (अत्याचारग्रस्त महिला-मुलींना एकाच ठिकाणी मदत देणारं सरकारी केंद्र), बालगृहात किंवा एखाद्या संस्थेत काम करणाऱ्यांनी ते कसं विचारावं, याबद्दल थोडं.

१. आधी आपल्या हातात काय आहे ते बघा. खोली, वेळा, फॉर्म, फोनवर बोलण्याची पद्धत, एवढं तरी बदलता येतं का? ‘वरून आदेश नाही’ असंच उत्तर द्यायचं असेल, तर कोणाला बोलावूच नका.

२. सुरुवात अठरा पूर्ण झालेल्यांपासून करा, तेही ज्यांचा खटला संपलाय त्यांच्यापासून. खटला चालू असताना बैठकीत बोललेला शब्द उलटतपासणीत कधी पुढे येईल, सांगता येत नाही. मुलग्यांनाही बोलवा. पॉक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, आपण मात्र करतो.

निरोप कसा द्यायचा, हे आधी त्यांच्याशी ठरलेलं असावं. घरी पत्र नको, फोन दुसऱ्याच कोणी उचलला तर संस्थेचं नाव नको. कित्येकींच्या सासरी यातलं काहीच माहीत नसतं. आणि ज्या ताईंनी समुपदेशन केलं त्यांनीच विचारलं, तर नाही म्हणणं जड जातं. म्हणून दुसऱ्या कोणी विचारावं, आणि उत्तर आलं नाही तर तो नकार समजावा.

३. बैठक सुरू होण्याआधीच एक गोष्ट स्पष्ट सांगा: इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण अठराखालच्या कुठल्याही मुलावर अत्याचार झाल्याचं किंवा होत असल्याचं कळलं, तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे आम्हाला ते कळवावंच लागेल. बोलून झाल्यावर हे सांगणं म्हणजे फसवणूक.

४. त्यांची कहाणी विचारू नका. आमच्या पहिल्या बैठकीत मीच ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हणून बसले. खोली गप्प झाली. एक मुलगी पाणी प्यायला म्हणून उठली, ती परत आलीच नाही.

पुढच्या वेळी कोरे कागद आणि पेन्सिली ठेवल्या. म्हटलं, गेटपासून आतल्या खुर्चीपर्यंतचा रस्ता काढा, आणि जिथे परत फिरावंसं वाटलं तिथे फुली मारा. पाच कागदांपैकी चारांवर फुली एकाच ठिकाणी होती, समुपदेशनाच्या खोलीबाहेरच्या बाकावर. ‘तिथे बसलं की येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना कळतं आपण कशासाठी आलोय,’ एकीने सांगितलं. तो बाक आम्ही रोज बघत होतो. एक मुलगा फॉर्मवर बोट ठेवून म्हणाला, ‘घटनेचा तपशील हा रकाना मी तिघांसमोर तीनदा भरला. एकमेकांचं वाचत नाही का तुम्ही?’ त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बैठकीच्या वेळी शेजारच्या खोलीत एक समुपदेशक मोकळी बसलेली असावी. न सांगता उठून जायची मुभा सगळ्यांना असावी.

५. प्रवासखर्च आणि मानधन त्याच दिवशी हातात द्या. सहीच्या रजिस्टरवर ‘पीडितांची बैठक’ असं शीर्षक चुकूनही नको, ‘सल्लागार बैठक’ लिहा. ते सल्लागारच आहेत. फोटो तर पाठमोराही नको. गावात नुसत्या वेणीवरून माणूस ओळखू येतं. शिवाय पॉक्सोच्या कलम २३ प्रमाणे माध्यमांतून मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. अहवालाला फोटो लागतोच असं कार्यालयाने म्हटलं, तर त्या कागदांवरच्या रेघांचा द्या, नावं झाकून.

६. महिन्याभरात परत कळवा. काय झालं, काय नाही झालं, का नाही झालं, तिन्ही सांगा. इथेच बहुतेक जण गळतात, आणि मुलं दुसऱ्यांदा येत नाहीत ती यामुळेच. आम्ही कळवलं: बाक त्याच संध्याकाळी मागच्या व्हरांड्यात नेला. तपशील आता एकदाच लिहून घेतो, पुढची व्यक्ती आधी तो वाचते. मागचं दार अजून उघडत नाही, कुलपाची किल्ली दुसऱ्या खात्याकडे आहे, दोन अर्ज दिलेत. त्यावर एकीचा उलट निरोप आला, ‘तिसरा अर्ज आम्ही लिहू का?’