लिनक्सवर जावा सर्व्हरची मेमरी ट्यून करताना या चुका टाळा

लोड वाढला की ॲप्लिकेशन सर्व्हरची प्रोसेस अचानक गायब होते आणि तिच्या लॉगमध्ये त्याबद्दल एक ओळही सापडत नाही. अशा वेळी आधी 'डीमेसेज' कमांड चालवून कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग पाहा. 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' दिसलं, तर प्रोसेस कर्नलच्या ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणारी यंत्रणा) मारली आहे. त्याच ओळीत 'मेमरी सीग्रुप' असेल, तर मशीनची रॅम संपलेली नाही, कंटेनरची किंवा सर्व्हिसची मर्यादा संपली आहे.

हीप वाढवणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जावाचा हीप (प्रोग्रामचे ऑब्जेक्ट ठेवायची मेमरी) कमी पडला असता, तर जावाने स्वतःच 'आउटऑफमेमरीएरर' दिला असता. ओओएम किलर आला म्हणजे हीपच्या बाहेर जागा उरली नव्हती. एक्सएमएक्स (हीपच्या कमाल आकाराचं सेटिंग) वाढवलं की ती आणखी कमी होते. थ्रेड स्टॅक (६४ बिट लिनक्सवर प्रत्येकी १ एमबीपर्यंत), मेटास्पेस (क्लासची माहिती), कोड कॅश (कंपाइल झालेला कोड), डायरेक्ट बफर (हीपबाहेरचे बफर) हे सगळं एक्सएमएक्सच्या हिशोबात येतच नाही. डायरेक्ट बफरची मर्यादा वेगळी दिली नाही, तर ती हीपच्या कमाल आकाराएवढीच धरली जाते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. १६ जीबीच्या मशीनवर ९-१० जीबी हीपपासून सुरुवात करा. नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग (जावाने कशासाठी किती मेमरी घेतली ते मोजणारी सोय) 'समरी'वर चालू करून 'जेसीएमडी' कमांडने आकडे घ्या आणि मगच पुढचं ठरवा.

मॅलॉककडे दुर्लक्ष

प्रोसेसचा आरएसएस (प्रत्यक्ष व्यापलेली रॅम) नेटिव्ह ट्रॅकिंगच्या 'कमिटेड' बेरजेपेक्षा बराच जास्त असेल, तर संशय जीलिबसीच्या (लिनक्सच्या सी लायब्ररीच्या) मॅलॉकवर, म्हणजे मेमरी वाटून देणाऱ्या भागावर, घ्या. थ्रेड एकमेकांसाठी अडकून राहू नयेत म्हणून ते वेगवेगळे अरीना (मेमरीचे स्वतंत्र साठे) बनवतं. ६४ बिटवर त्यांची कमाल संख्या कोअरच्या आठपट, म्हणजे ८ कोअरवर ६४. मुख्य अरीना सोडला तर बाकीचे ६४ एमबीच्या टप्प्यांत ॲड्रेस स्पेस राखून ठेवतात. प्रोसेसच्या मेमरीचा नकाशा दाखवणाऱ्या 'पीमॅप' कमांडमध्ये ६५५३६ केबीचे तुकडे, किंवा बेरीज तेवढीच भरणाऱ्या लागोपाठच्या जोड्या, रांगेने दिसल्या की समजा हेच चाललंय. राखीव जागा म्हणजे वापरलेली रॅम नव्हे. पण फ्री केलेली मेमरी या अरीनांमध्ये विखरून अडकते आणि आरएसएस खाली येत नाही.

उपाय: 'मॅलॉक_अरीना_मॅक्स' (कॅपिटल अक्षरांत) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २ करा. थ्रेड लॉकवर ताटकळू लागले तर ४ करून पाहा, नाहीतर मॅलॉकऐवजी जेमॅलॉक ही पर्यायी लायब्ररी वापरा. हे व्हेरिएबल बॅशआरसीमध्ये (शेलच्या सेटिंग फाइलमध्ये) टाकून उपयोग नाही, सिस्टमडीची (सर्व्हिस सुरू करणाऱ्या यंत्रणेची) सर्व्हिस ती फाइल वाचत नाही. युनिट फाइलमध्ये 'एन्व्हायर्नमेंट' ओळीत लिहा, डीमन-रिलोड आणि रीस्टार्ट करा, मग 'प्रॉक'मधल्या त्या पीआयडीच्या 'एन्व्हायरॉन' फाइलमध्ये ते पोहोचलंय का ते तपासा.

स्वॉपबद्दलचे गैरसमज

स्वॉप म्हणजे रॅममधली पानं डिस्कवर हलवणं, आणि कर्नलने ते किती तत्परतेने करायचं ते स्वॉपीनेस ठरवतं. स्वॉपीनेस ० म्हणजे स्वॉप बंद नव्हे. रॅम फारच कमी उरली की कर्नल तेव्हाही स्वॉप करतो. डीफॉल्ट ६० असतं, जावासाठी १ ते १० ठेवा. गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा जावाचा भाग) हीपभर फिरतो, त्यामुळे हीपची पानं डिस्कवर गेली असतील तर त्यासाठी ॲप्लिकेशन थांबतं तो पॉज भलताच लांबतो. स्वॉप किती भरलाय यावरून मात्र घाबरू नका. 'व्हीएमस्टॅट १' चालवून एसआय (स्वॉपमधून रॅममध्ये) आणि एसओ (रॅममधून स्वॉपमध्ये) कॉलम पाहा. ते सतत शून्याच्या वर असतील तरच दुखणं खरं.

'फ्री' कमी दिसते म्हणून कॅश उडवणे

क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) कॅश रिकामी करणारं ड्रॉप कॅशेस चालवणं कृपया बंद करा. पेज कॅश (रॅममध्ये ठेवलेल्या फाइलींच्या प्रती) गरज पडली की कर्नल स्वतःच सोडतो. ती उडवली की पुढची प्रत्येक फाइल पुन्हा डिस्कवरून वाचावी लागते. 'फ्री' कमांडमध्ये बघायचा कॉलम 'अव्हेलेबल'.

ओव्हरकमिट २ करणे

ओव्हरकमिट म्हणजे असलेल्यापेक्षा जास्त मेमरी प्रोसेसना कबूल करणं. ते २ केलं की कर्नल एका मर्यादेपुढे नकार देतो. ओव्हरकमिट रेशो डीफॉल्ट ५० असताना मर्यादा होते स्वॉप अधिक अर्धी रॅम. स्वॉप नसलेल्या १६ जीबी मशीनवर ती साधारण ८ जीबी, म्हणजे १० जीबी हीप सुरुवातीलाच कमिट करायला सांगितलेला जावा रॅम मोकळी असूनही सुरूच होत नाही. ॲप्लिकेशन सर्व्हरवर ० राहू द्या.

ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस (मेमरीची मोठी पानं आपोआप वापरण्याची सोय) 'ऑलवेज'ऐवजी 'एमॲडव्हाइज'वर (ॲप्लिकेशनने मागितलं तरच) ठेवा. आणि स्वॉपीनेस, ओव्हरकमिटसारखे 'सिसकंट्रोल' कमांडने नुसते टाइप केलेले बदल रीबूटनंतर टिकत नाहीत. ते 'सिसकंट्रोल डॉट डी'मधल्या फाइलमध्ये लिहून ठेवा.