रोपवाटिकेत औषध खरंच लागू पडतं का? सहा जोड्या ट्रेंची चाचणी कशी घ्यावी

ट्रेमधली रोपं कोलमडायला लागली, कुणीतरी सुचवलेली पावडर पाण्यात कालवून ओतली आणि आठवड्याभरात मर थांबली. मग आपण ती पावडर लागू पडली असं धरून चालतो आणि पुढच्या वेळी जास्तच आणून ठेवतो. पण रोपं कोलमडणं हे मुळात कोवळ्या खोडाचं दुखणं आहे. खरी पानं फुटली, खोड निबर झालं की पिथियम आणि रायझोक्टोनिया या माध्यमात वाढणाऱ्या, रोग आणणाऱ्या दोन नेहमीच्या गुन्हेगारांना ते सहज भेदता येत नाही आणि मर आपसूक ओसरते. त्या आठवड्यात नुसतं पाणी ओतलं असतं तरी कदाचित हेच घडलं असतं. औषध न दिलेले तसेच ट्रे शेजारी ठेवले असते, तर खरं काय ते कळलं असतं.

हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. एकाच पाकिटातलं बी, बारा ट्रे, एक नाणं, एक वही आणि तीन-चार आठवड्यांची चिकाटी एवढं पुरतं. खाली उदाहरण म्हणून टोमॅटोची रोपं आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी घेतली आहे. खत, माध्यम (ट्रेमध्ये मातीऐवजी भरतो ते, जसं नारळाच्या काथ्याचं कोकोपीट), सावलीची जाळी किंवा पाणी देण्याची वेळ, यांतलं काहीही ह्याच पद्धतीने तपासता येतं.

१. प्रश्न लहान करा

"ट्रायकोडर्मा चांगला का?" याला उत्तर नाही. "पेरणीआधी कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा मिसळला, तर उगवल्यापासून तीन आठवड्यांत कमी रोपं कोलमडतात का?" याला उत्तर आहे. काय मिसळायचं, कधी, किती दिवस पाहायचं आणि काय मोजायचं, हे सगळं पेरणीच्या आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवा. नंतर ठरवायला गेलं की मन आपल्याला सोयीचं तेच मोजतं. कोलमडण्यात फरक दिसला नाही, तर "पण पानं किती हिरवी झाली बघा" असं सुरू होतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. ट्रायकोडर्माबरोबर नवं गांडूळ खतही घातलं, तर श्रेय कुणाचं हे कधीच कळणार नाही.

२. आधी आपलं हरितगृह ओळखा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि निकाल बिघडतो तो इथेच. हरितगृहात सगळीकडे सारखं हवामान असतं हा मोठा गैरसमज आहे. हवा थंड करायला एका टोकाला ओलं पॅड आणि दुसऱ्या टोकाला पंखा असेल, तर पॅडकडची बाजू थंड आणि दमट असते, पंख्याकडे जाता जाता हवा तापत जाते. दाराजवळ वारा लागतो. खांबाची सावली रोज ठरावीक बाकावरून सरकते. बाकाच्या कडेचे ट्रे मधल्या ट्रेंपेक्षा लवकर वाळतात, आणि एकाच ट्रेमध्येही कडेचे कप्पे मधल्या कप्प्यांआधी कोरडे पडतात.

पाण्याची तपासणी तर अगदी सोपी आहे. सारख्या तोंडाचे पेले फूट-फूटभर अंतरावर सगळ्या बाकावर मांडा आणि नेहमीचे फवारे दहा मिनिटं चालवा. मग प्रत्येक पेल्यातलं पाणी मोजून त्या त्या जागेवर बाकाच्या कागदी नकाशात आकडा लिहा. दोन फवाऱ्यांच्या धारा जिथे एकमेकींवर येतात तिथे भरपूर पाणी आणि कोपऱ्यात नुसता शिडकावा, असं चित्र निघालं तर नवल नको. पिथियमला चिखलासारखं ओलं माध्यम फार मानवतं. तेव्हा मर बाकाच्या ठरावीक भागातच का सुरू होते, याचा उलगडा कधी कधी या नकाशातच होतो. तसा तो झाला, तर आधी फवारे नीट करा, प्रयोग नंतर.

तापमानासाठी रोपांच्या उंचीवर, थेट ऊन लागणार नाही अशा बेताने, कमाल-किमान तापमापी टांगा आणि जागा बदलत आठवडाभर नोंदी घ्या. डोक्याच्या उंचीवर टांगलेली तापमापी तुमच्या डोक्याचं तापमान सांगते, रोपांचं नाही.

३. पुरावा ट्रे देतो, कप्पा नव्हे

एका ट्रेमध्ये ९८ कप्पे असतील, तर ९८ रोपं म्हणजे ९८ पुरावे असं वाटतं. तसं नसतं. एका ट्रेमधल्या रोपांना एकच माध्यम, एकच पाणी आणि एकच जागा मिळते, आणि रोग एका कप्प्यातून शेजारच्या कप्प्यात पसरतो. एका कोपऱ्यातून सुरुवात झाली की पाच-सहा रोपं एका घोळक्याने पडतात. ही घटना खरं तर एकच. म्हणून एक ट्रे औषधाचा, एक बिनऔषधाचा आणि "१९६ रोपांवर प्रयोग केला" असं सांगणं म्हणजे शुद्ध फसवणूक आहे, आणि त्यात पहिले आपणच फसतो. संशोधनात हा दोष इतक्या वेळा सापडतो की त्याला स्वतंत्र नाव पडलं आहे: खोटी पुनरावृत्ती.

मग ट्रे किती घ्यावेत? सहा जोड्या, म्हणजे बारा ट्रे. सहाच का, ते पुढे निकालाच्या हिशेबात येईल.

४. तुलनेच्या ट्रेलाही तेवढीच वागणूक

ट्रायकोडर्माची भुकटी बहुधा टाल्कसारख्या वाहकात मिसळलेली असते. तुलनेच्या, म्हणजे ट्रायकोडर्मा न दिलेल्या ट्रेमधल्या कोकोपीटमध्ये तेवढंच साधं टाल्क मिसळा. उपचार शेणखतात किंवा कंपोस्टमध्ये वाढवून देणार असाल, तर दुसऱ्या ट्रेला तेच कंपोस्ट, फक्त ट्रायकोडर्माशिवाय. फवारणी तपासायची असेल, तर तुलनेच्या रोपांवर त्याच पंपाने (आधी स्वच्छ धुऊन) तेवढंच पाणी फवारा. नाही तर फरक औषधाने पडला की नुसत्या ओलाव्याने, हे सांगता येत नाही.

बी नीट पाहा. गुलाबी किंवा निळसर रंगाचा थर असेल, तर त्यावर बहुधा बुरशीनाशकाची प्रक्रिया आधीच झालेली असते. असं बी दोन्हीकडे मरीपासून वाचतं आणि फरक झाकला जातो. शिवाय काही बुरशीनाशकं ट्रायकोडर्मालाच मारतात. या चाचणीला प्रक्रिया न केलेलं बी घ्या. सोबत शंभर बिया ओल्या कागदात गुंडाळून उगवण पाहा. बी मुळातच किती टक्के उगवतं हे माहीत नसेल, तर रिकाम्या कप्प्यांचा दोष बुरशीवर की बियांवर टाकायचा?

५. नाणं उडवा

हरितगृहात एकमेकांपासून वेगळ्या सहा जागा निवडा: पॅडजवळ, मध्ये, पंख्याजवळ, कडेला. प्रत्येक जागी दोन ट्रे शेजारी ठेवायचे, एक उपचाराचा आणि एक तुलनेचा. जागा कशीही असली तरी ती जोडीतल्या दोघांना सारखीच भोगावी लागते, त्यामुळे जागेचा परिणाम वजा होतो. जोडीत डावीकडे कोणता ट्रे ठेवायचा, हे मात्र नाण्याने ठरवा. मनाने नाही. माणसाचा हात नकळत लाडक्या उपचाराला चांगली जागा देतो. डाव्या बाजूला थोडा जास्त उजेड असेल, तर सहाही वेळा औषधाचा ट्रे डावीकडेच जाईल.

जमिनीचा कस दर पावलाला बदलतो, त्यावर शेतीच्या संशोधनाने हाच उपाय काढला. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड प्रयोग केंद्रात आले. तिथे दशकानुदशकांच्या नोंदी साठल्या होत्या. त्या केंद्रातल्या पुढच्या वर्षांत त्यांनी दोन गोष्टींवर भर दिला: सारख्या जागांचे गट पाडावेत, आणि गटाच्या आत कुणाला काय मिळणार हे दैवावर सोडावं. आपलं नाणं म्हणजे त्याच विचाराची सर्वांत स्वस्त आवृत्ती.

जोडीतल्या ट्रेंमध्ये वीतभर फट ठेवा आणि ट्रे जाळीच्या बाकावर उचलून ठेवा. पिथियमच्या बऱ्याच जातींचे बीजाणू पाण्यात पोहतात. एका ट्रेचा निचरा दुसऱ्याखाली वाहत गेला की प्रयोग संपला.

६. मोजणी

ट्रेवर "औषध" असं लिहू नका. १ ते १२ क्रमांक घाला, आणि कोणता क्रमांक कशाचा हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. जमलं तर मोजणी अशा माणसाकडून करून घ्या ज्याने ते पान पाहिलेलं नाही. पट्टीवर पेन्सिलने लिहा. मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते.

उगवण सुरू झाली की एक दिवसाआड मोजा. आठवड्यातून एकदा मोजून भागत नाही, कारण पडलेलं कोवळं रोप दोन-तीन दिवसांत कुजून दिसेनासं होतं आणि मग तो कप्पा "उगवलाच नाही" या रकान्यात जातो. पडलेलं रोप काढा आणि त्या कप्प्यात दातकोरणं खोचा. दातकोरण्यांमुळे एक रोप दोनदा मोजलं जात नाही, आणि तीन आठवड्यांनी ट्रेकडे नुसतं पाहिलं तरी रोग कुठून कुठे सरकला हे दिसतं. पडलेली रोपं काढायची तर दोन्ही ट्रेंमधून, त्याच दिवशी.

प्रत्येक पडलेलं रोप बुरशीनेच पडलं असं धरू नका. भिंगाखाली खोड पाहा. पिथियममध्ये खोड मातीलगत पाणचट, मऊ होतं आणि बोटाने दाबलं तर चेंगरतं. रायझोक्टोनियात तिथे तपकिरी, कोरडी, आवळलेली खाच दिसते, आणि वरचं रोप कधी कधी दोन दिवस हिरवंच उभं असतं. एका कडक दुपारी बाकाच्या एकाच बाजूची बरीच रोपं एकदम झुकली आणि खोडावर मातीलगत फिकट डाग असेल, तर तापलेल्या माध्यमाने खोड भाजलं असण्याची शक्यता जास्त. खोड कापल्यासारखं तुटलं असेल आणि शेजारी चकचकीत रेघ असेल, तर गोगलगाय. या सगळ्यांना वेगळे रकाने द्या.

काळ्या बारीक माश्या माध्यमावर चालताना दिसल्या, तर बटाट्याची चकती माध्यमावर दाबून दोन दिवसांनी उलटून बघा. खालच्या बाजूला काळ्या डोक्याच्या, पारदर्शक अळ्या दिसतील. त्या कोवळी मुळं कुरतडतात, आणि या माश्या पिथियमही इकडून तिकडे नेतात. त्यांची संख्या वाढली असेल तर ती नोंद हवीच.

७. निकाल कसा वाचावा

आता सहाचा हिशेब. उपचाराचा काहीच परिणाम नसेल, तर प्रत्येक जोडीत कोण जिंकेल हे नाणेफेकीसारखंच. सहा नाणेफेकींचे ६४ प्रकार होतात. सहाही वेळा एकच बाजू जिंकण्याचे त्यात दोन. म्हणजे नुसत्या योगायोगाने सहाही जोड्या एका बाजूला जाण्याची शक्यता ३२ मध्ये एक. एवढी कमी शक्यता असेल तर "काहीतरी आहे" म्हणायला हरकत नाही. पाचच जोड्या घेतल्या असत्या, तर तीच शक्यता १६ मध्ये एक झाली असती, आणि तेवढ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

सहापैकी पाच जोड्यांत औषध जिंकलं तर? ऐकायला भारी वाटतं. पण पाच-एक किंवा त्याहून एकतर्फी निकाल दोन्ही बाजू धरून ६४ पैकी १४ वेळा नुसत्या नशिबाने लागतो, म्हणजे पाचात एकापेक्षाही जास्त. अशा निकालापुढे "पुन्हा करायचं" एवढंच लिहावं. दुसऱ्या फेरीत नव्या सहा जोड्या घेतल्या की चित्र स्पष्ट होतं.

सहाही जोड्या जिंकल्या, पण प्रत्येक ट्रेमध्ये एखाददुसरंच रोप जास्त वाचलं, असंही होतं. परिणाम असेल, पण त्यासाठी दर पेरणीला खटाटोप करायचा का, हा वेगळा प्रश्न आहे.

आणि तुलनेच्या ट्रेमध्येच मर आली नाही, तर या चाचणीने काहीही सांगितलेलं नाही, ना औषधाच्या बाजूने ना विरुद्ध. संशोधन केंद्रात अशा वेळी रोगाची लागण मुद्दाम करतात. घरच्या रोपवाटिकेत ते करू नका. मर हमखास येते त्या दमट दिवसांत पुन्हा पेरा.

जे एका बाकावर तपासता येत नाही

किडींना मारणारे मित्रकीटक उडतात, आणि जोडीची ही रचना तिथे कोलमडते. पांढऱ्या माशीच्या पिल्लांत अंडी घालून त्यांना मारणाऱ्या एन्कार्सिया फॉर्मोसा या सूक्ष्म गांधीलमाशीचं उदाहरण घ्या. १९२६ साली इंग्लंडमध्ये टोमॅटोच्या हरितगृहात पांढऱ्या माशीची पिल्लं पांढरी असण्याऐवजी काळी पडलेली दिसली, आणि ती कीटकशास्त्रज्ञ स्पेयर यांच्यापर्यंत पोहोचली. त्या काळ्या खवल्यांतून (पानाला चिकटलेल्या या पिल्लांना खवले म्हणतात) ही गांधीलमाशी निघाली. मग ती वाढवून हरितगृहांना पुरवायला सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर रासायनिक कीटकनाशकं आली आणि ती मागे पडली. किडींमध्ये प्रतिकारशक्ती वाढल्यावर १९७०च्या दशकात पुन्हा वापरात आली.

ती एका ट्रेवर सोडली, तर तासाभरात शेजारच्या ट्रेवर असणार. अशा उपचाराला वेगळी, जाळीने बंद केलेली दालनं लागतात, आणि तिथे पुरावा देणारं एकक ट्रे नसून दालन असतं. दालनं दोनच असतील, तर एका पिकात एका दालनात गांधीलमाश्या सोडा आणि पुढच्या पिकात दुसऱ्यात. दोन्ही दालनांत पिवळे चिकट सापळे रोपांच्या शेंड्यांच्या किंचित वर टांगा, दर आठवड्याला त्याच वारी पांढऱ्या माश्या मोजा, आणि पानांच्या मागच्या बाजूला शंभर खवल्यांमागे किती काळे आहेत ते लिहा. पांढऱ्या माशीची जात बेमिसिया असेल, तर परोपजीवी लागलेला खवला काळा नाही, तपकिरी पिवळसर होतो. तो भिंगानेच पाहावा लागतो. दुसऱ्या पिकातही पांढऱ्या माश्या पहिल्याच दालनात कमी राहिल्या, तर गुण गांधीलमाश्यांचा नसून त्या दालनाचा आहे.