भरतीची रेषा कोणाच्या हद्दीत?

नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात मला एका बैठकीला नेलं होतं. काम एवढंच, की मिनिट्स घ्यायची. टेबलाभोवती बंदराची माणसं, कोस्ट गार्डचे एक अधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, मत्स्यव्यवसाय खातं, दोन तेल कंपन्यांचे सेफ्टीवाले आणि कलेक्टर ऑफिसातून आलेले नायब तहसीलदार. विषय होता, किनाऱ्याला तेल लागलं तर कोणी काय करायचं. तासभर स्लाइडी सरकत राहिल्या. मग नायब तहसीलदारांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "ओहोटीला तेल वाळूवर पडलेलं असणार, म्हणजे ते आमचं. सहा तासांनी भरती येऊन तेच तेल परत पाण्यात गेलं, की मग कोणाचं?"

सगळे हसले. मी मात्र अडकले, कारण मिनिट्समध्ये काय लिहायचं ते कळेना. साहेबांकडे पाहिलं, तर ते हळूच म्हणाले, "लिही, सविस्तर चर्चा झाली."

या क्षेत्रात येऊन आता अकरा वर्षं झाली. बंदरं आणि रासायनिक कारखाने यांचे आपत्कालीन आराखडे करणाऱ्या एका छोट्या कन्सल्टन्सीत मी काम करते. नवीन मुलं-मुली विचारतात, नेमकं शिकायचं काय? तेव्हा मला तो प्रश्न आठवतो. तेल कसं गोळा करतात हे कोणीही महिन्याभरात शिकतं. दोन खात्यांच्या हद्दी जिथे एकमेकींना टेकतात, तिथे काय होणार हे आधी बसून लिहून ठेवणं, हे खरं आमचं काम आहे.

कागदावरची रचना आधी समजून घ्या, ती फार अवघड नाही. आपल्याकडे १९९६ पासून समुद्रातल्या तेलगळतीसाठी राष्ट्रीय आराखडा आहे. कामावर सगळे त्याला 'एनओएसडीसीपी' म्हणतात. समुद्रात समन्वय कोस्ट गार्डचा, बंदराच्या हद्दीत बंदराचा, तेलविहिरीच्या फलाटाभोवतीच्या ५०० मीटरमध्ये फलाट चालवणाऱ्या कंपनीचा. किनाऱ्याची सफाई राज्याची, म्हणजे प्रत्यक्षात कलेक्टरची. गळती ७०० टनांपर्यंत असेल तर ती पहिली पायरी. ती बंदराने आणि तेल हाताळणाऱ्या कंपन्यांनी आपल्या साधनांनी आवरायची. ७०० ते १०,००० टन दुसरी पायरी, त्यापुढे तिसरी. प्रत्येक नवीन माणूस हे आकडे पाठ करतो. पण ५० टन तेल खाडीत खारफुटीत शिरलं तर ते खोल समुद्रातल्या ५०० टनांपेक्षा जास्त छळतं. टनांच्या आकड्यावरून गळतीचा मोठेपणा ठरवू नका.

मुंबईकरांना ७ ऑगस्ट २०१० आठवत असेल. बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रातून सुमारे ८०० टन तेल बाहेर आलं, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या धंद्यातले लोक मात्र कंटेनरांची गोष्ट जास्त सांगतात. कललेल्या जहाजावरून शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तरंगत जहाजांच्या वाटेत आले आणि मुंबई आणि जेएनपीटी ही दोन्ही बंदरं काही दिवस ठप्प झाली. काही कंटेनरांत कीटकनाशकं होती, त्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइडही. त्याला पाणी लागलं की फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. म्हणजे तेलाची टीम हातमोजे आणि बूट घालून किनाऱ्यावर उतरणार, आणि तिथे वाहत आलेल्या पेटीत काय आहे हे सांगणारा माणूस दुसऱ्याच खात्यात बसलेला! तेलाचा आराखडा एका फायलीत, रसायनांचा दुसऱ्या. २०२५ च्या मे महिन्यात केरळपुढे एमएससी एल्सा ३ बुडालं, तेव्हा पुन्हा हेच. ६४० कंटेनर, त्यांतल्या १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड, जे पाण्याशी गाठ पडताच ॲसिटिलीन सोडतं. किनाऱ्यावरच्या लोकांना सांगावं लागलं, पेट्यांपासून २०० मीटर लांब राहा.

रसायनांच्या बाजूला यंत्रणा वेगळी आहे. १९९६ च्याच रासायनिक अपघात नियमांनी केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर 'क्रायसिस ग्रुप' बनवले. जिल्ह्याच्या गटाचे अध्यक्ष कलेक्टर. नियम म्हणतो, जिल्हा गटाने दर ४५ दिवसांनी भेटायचं, स्थानिक गटाने दर महिन्याला. आता कलेक्टरसाहेबांकडे दुष्काळ, निवडणुका आणि पालकमंत्र्यांचा दौरा असताना ४५ दिवसांचं गणित कसं जुळत असेल, ते तुमचं तुम्ही ओळखा. शिवाय कारखान्यांचे आपसातले 'मार्ग' गट आहेत, म्हणजे अपघातात एकमेकांना मदत करणारे: ठाणे-बेलापूर, तारापूर, महाड. एकाकडे आग विझवायचा फोम संपला की शेजारचा देतो. कुठल्याही शासकीय गटापेक्षा हे लोक लवकर पोहोचतात, कारण कोणाच्या गोदामात कशाची किती पिंपं आहेत हे त्यांना एकमेकांचं तोंडपाठ असतं. नवीन जागी गेलात की आधी मार्गच्या माणसाला चहाला गाठा.

आता थोडं हाताचं काम.

बूम म्हणजे पाण्यावर तरंगणारा अडसर, खाली झालर असलेला. शिकाऊ मुलं नकाशावर तो खाडीच्या या काठापासून त्या काठापर्यंत सरळ आडवा काढतात. मीही तेच केलं होतं. आमच्या कोस्ट गार्डच्या प्रशिक्षकांनी पेन्सिल घेऊन ती रेघ खोडली. आडव्या बूमवर पाण्याचा वेग साधारण ०.७ नॉटच्या वर गेला, की तेल झालरीखालून निघून जातं. मुंबईच्या आसपासच्या खाड्यांत उधाणाला पाणी याच्या कितीतरी पट वेगाने धावतं. म्हणून बूम प्रवाहाला तिरका लावायचा, म्हणजे तेल घसरत काठाकडे जातं, जिथे पाणी संथ असतं आणि स्किमर, म्हणजे पाण्यावरचं तेल खेचून घेणारं यंत्र, ठेवता येतो. हे पुस्तकात आहेच. पण कुठला काठ? तिथे गाडी जाते का? चिखल किती? हे पुस्तकात नाही.

त्यासाठी मी उरणच्या बाजूच्या एका नाखव्यांकडे, म्हणजे मासेमारी होडीच्या तांडेलांकडे, गेले होते. माझ्या हातात रंगीत संवेदनशीलता नकाशा. तेलाने कुठे किती नुकसान होईल त्याप्रमाणे त्यात किनाऱ्याला क्रमांक असतात. उघड्या खडकाला १, खारफुटीला १०. नाखव्यांनी नकाशा उलटा धरला, मग सुलटा केला, आणि एका खाजणावर बोट ठेवलं. "बाय, इथं भांगाला पाणी हलतच नाय. तेल आलं ना, तर इथंच बसेल. आन् उधाण आलं की मग वर तिवरात जाईल." भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमजोर भरती-ओहोटी, आणि तिवर म्हणजे खारफुटी. आमच्या संगणकावरच्या मॉडेलने ती जागा साधी हिरवी दाखवली होती. पुढच्या आवृत्तीत ती लाल, म्हणजे धोक्याची झाली. मॉडेल टाकाऊ असतात असं मी म्हणत नाही. हैदराबादच्या इनकॉइस या समुद्र-माहिती केंद्राची तेलगळतीची ऑनलाइन सूचना उत्तम आहे, आणि तेल कुठे सरकेल याचा, वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के अधिक पाण्याचा पूर्ण प्रवाह, हा ढोबळ हिशेब तुम्हाला कागद-पेन्सिलने करता आलाच पाहिजे. पण भांगाला पाणी कुठे थांबतं हे त्यात येत नाही.

तवंगाच्या बाबतीत नवीन लोकांचा अंदाज नेहमी चुकतो. चंदेरी तवंग चौरस किलोमीटरभर पसरलेला दिसला की पोटात गोळा येतो, पण त्यात साधारण ४० ते ३०० लिटर तेल असतं. खरा माल असतो तो कडेच्या काळ्या-तपकिरी पट्ट्यांत. विमानातून बघणाऱ्याला हे माहीत नसेल, तर सगळ्या होड्या चकाकीच्या मागे धावतात. उलटही होतं. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईजवळच्या एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली. सुरुवातीला गळती किरकोळ म्हणून सांगितली गेली, आणि काही दिवसांनी शेकडो माणसं खडकांतून बादल्यांनी डांबरासारखा गाळ उपसत होती. इंधन एवढं घट्ट झालं होतं, की पंप चालेनात. बादली हे हास्यास्पद साधन नाही, हे तेव्हापासून मी आराखड्यात लिहिते: बादल्या किती, फावडी किती, आणि कोणत्या दुकानातून रात्री दोन वाजता मिळतील.

सगळ्यात दुर्लक्षित विषय म्हणजे कचरा. एका टेबलटॉप सरावात, म्हणजे टेबलाभोवती बसून कागदावर केलेल्या सरावात, संध्याकाळी चारपर्यंत सगळ्यांनी मिळून कागदावरचं तेल गोळा करून टाकलं. टाळ्या वाजल्या. मी विचारलं, "आता हे ठेवायचं कुठे?" लाटांनी घुसळून तेलात पाणी मिसळतं, चॉकलेटी पेस्ट होते आणि आकारमान तिप्पट-चौपट होतं. त्यात वाळू, शेवाळ, तेलकट हातमोजे. हा सगळा धोकादायक कचरा, मॅनिफेस्ट, म्हणजे त्याच्या वाहतुकीचा कागद, भरल्याशिवाय हलवता येत नाही. शेवटी तो तळोज्याच्या प्रक्रिया केंद्रावर जाईल, पण तोवर दोन-तीन आठवडे कुठे? बंदर म्हणालं, आमच्याकडे जागा नाही. वन खातं म्हणालं, खारफुटीच्या बाजूला तर अजिबात नाही. नायब तहसीलदार (वेगळे, पण जातकुळी तीच) म्हणाले, गायरान देता येईल, पण ग्रामपंचायतीचा ठराव लागेल. सरावाची उरलेली सगळी वेळ यातच गेली, आणि माझ्या मते तोच त्या दिवसातला एकमेव उपयोगी तास होता. ठराव मग अपघाताच्या आधीच घेऊन ठेवला.

नोंदींचंही तसंच. जहाजमालकाच्या विम्याकडून भरपाई मागताना कोणती होडी किती तास चालली, किती मजूर, कोणाचं जाळं खराब झालं, याचा रोजचा लेखी हिशेब लागतो, फोटोसकट. गळतीच्या धावपळीत हे करायला एक वेगळा माणूस बसवावा लागतो. नवीन असाल तर ते काम मागून घ्या. चिखलात उतरण्याइतकं ते रुबाबदार नाही, पण सगळी खाती कशी चालतात हे त्या एका खुर्चीवरून दिसतं.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. पर्यावरण अभियांत्रिकी, रसायनशास्त्र, समुद्रविज्ञान, काहीही चालतं. मी रसायनशास्त्राची. कारखान्यांकडे जायचं असेल तर औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा घ्या. सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेतला चांगला मानतात. समुद्राकडे जायचं असेल तर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या धर्तीवरचे तीन पातळ्यांचे अभ्यासक्रम आहेत: पहिला हाताने काम करणाऱ्यांचा, दुसरा जागेवरच्या प्रमुखाचा, तिसरा प्रशासकांचा. पहिला केल्याशिवाय दुसऱ्याला जाऊ नका, कंपनी पाठवत असली तरी. आणि रस्त्यावरच्या टँकरवरची पाटी वाचायला शिका. पेट्रोलच्या टँकरवर १२०३, म्हणजे पेट्रोलचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, आणि '३ वाय ई' असतं. ३ म्हणजे फोम, वाय म्हणजे सांडलेलं अडवून ठेवा, गटारात जाऊ देऊ नका, ई म्हणजे लोकांना हलवायचा विचार करा. महामार्गावर पहिला पोहोचणारा हवालदार सांडलेलं पेट्रोल पाण्याने धुवायला सांगतो, आणि गटार पुढे नदीत जातं. तो दोष हवालदाराचा नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

माझी स्वतःची सर्वात मोठी फजिती फोनच्या यादीने केली. एका लाइव्ह ड्रिलमध्ये आम्ही तयार केलेल्या आराखड्यातले नंबर फिरवायला सुरुवात केली. तिसरा नंबर लागला. पलीकडे मागे बैलाच्या घुंगरांचा आवाज. साहेब तीन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन गावी शेती करत होते. "मॅडम, मी आता काही करू शकत नाही, पण माझ्या जागी आलेल्यांचा नंबर देतो," म्हणाले, आणि दिलाही. यादीतले चार नंबर असेच निघाले. तो आराखडा माझ्या सहीने गेला होता. तेव्हापासून बदल्यांचा हंगाम संपला, की जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी स्वतः एकेक नंबर लावते. माणसाचं नाव नाही, पदाचं नाव लिहिते आणि कंट्रोल रूमचा लँडलाइन पहिला ठेवते.

त्या पहिल्या बैठकीतल्या प्रश्नाचं उत्तरही आमच्या एका आराखड्यात आता लिहिलेलं आहे. ओहोटीत उघडं पडलेलं तेल पुढची भरती येण्याआधी उचलायची जबाबदारी जिल्ह्याची. उचलता आलं नाही तर भरतीच्या दोन तास आधी जिल्ह्याच्या कंट्रोल रूमने बंदराला फोन करायचा, आणि बंदराने त्या जागेसमोर बूम धरून उभं राहायचं. अडीच ओळी. त्यावर सह्या मिळवायला चौदा महिने लागले.

नाखव्यांचा नंबर यादीत बंदराच्या कंट्रोल रूमच्या लगेच खाली आहे. गेल्या उधाणाला त्यांचाच फोन आला, पहाटे पावणेसहाला. "बाय, जेटीजवळ तवंग दिसतोय, बघ." बघितलं. एका ट्रॉलरने बिल्जचं, म्हणजे होडीच्या तळाशी साचलेलं तेलकट पाणी सोडलं होतं, फार तर पाच-दहा लिटर डिझेल. बंदराने शोषक पॅड टाकले, मी वेळ टिपून घेतली, आणि नाखवे म्हणाले, आता आलीच आहेस तर जवळा घेऊन जा.