गळू, ताप आणि धाप : रक्तातला संसर्ग छातीत उतरतो तेव्हा

उसाच्या पाल्यानं चिरलेली पोटरी, कोयत्याचा घाव, काखेतलं गळू. कोल्हापूरकडच्या शिरोळ-करवीरच्या शिवारात याला कोण मोजतंय! पण त्यातला स्टॅफिलोकॉकस ऑरियस (थोडक्यात स्टॅफ) हा जिवाणू रक्तात शिरला, की शिरांमधलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूनं थेट फुप्फुसात जातं. जिवाणूंनी भरलेल्या बारीक गुठळ्या तिथं अडकतात आणि जागोजागी पू धरतो. म्हणून गळू घरी पिळू नका, दवाखान्यात चीर देऊन पू काढून घ्या.

जखम असताना हुडहुडी भरून ताप आला तर श्वास मोजा. माणूस शांत बसलेला असताना, त्याला न सांगता, पूर्ण एक मिनिट. सांगितलं की श्वासाची लय बदलते. मोठ्या माणसाचे 12 ते 20 श्वास ठीक. 22 किंवा जास्त, ऑक्सिजन 94 च्या खाली, वरचं बीपी 100 किंवा कमी, बरळणं, लघवी आटणं, खोल श्वासाला छातीत कळ, थुंकीत रक्त : यातलं एकही दिसलं तर 108 ला फोन करून कोल्हापूरचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय किंवा अतिदक्षता विभाग असलेलं जवळचं रुग्णालय गाठा. गार बोटावर किंवा नेलपॉलिशवर ऑक्सिमीटर चुकतो. म्हाताऱ्यांना कधीकधी ताप येतच नाही, अंग उलट गार पडतं.

मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन बघू, हा सगळ्यात महागात पडणारा उद्योग. त्यानं ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, बरेचदा जंतू सापडत नाही. कल्चर औषधाआधी, दोन वेगळ्या जागांवरून, बाटलीमागे 8 ते 10 मिली रक्त घेऊन करतात. बीपी ढासळलं असेल तर मात्र तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालंच पाहिजे. डॉक्टरांना मधुमेह, डायलिसिसची नळी, हृदयातली कृत्रिम झडप आधी सांगा.

सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. सीटीत फुप्फुसाच्या कडेला गाठी, काही आतून पोकळ, दिसतात. हृदयाच्या झडपेला संसर्ग आहे का हे बघायला टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. फुप्फुसाभोवती पू साठला तर नळी टाकावीच लागते, नुसत्या इंजेक्शनानं तो जात नाही.

स्टॅफ असेल तर जंतू गेलेत का, हे पुन्हा कल्चर करूनच कळतं. पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून किमान 14 दिवस इंजेक्शनं, छाती किंवा झडप धरली असेल तर 4 ते 6 आठवडे. ताप उतरला म्हणून डिस्चार्ज मागू नका.

पंचगंगेच्या पुराच्या पाण्यात वावरला असाल तर तेही सांगा. लेप्टोस्पायरोसिस हा जनावरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणारा आजारही फुप्फुसात रक्तस्राव करतो आणि नेहमीच्या ब्लड कल्चरमध्ये दिसत नाही. त्याची तपासणी वेगळी मागवावी लागते.